गमरे गुरुजींचा दोमा

माझ्या लग्नात त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले, पंगत बसायच्या बेतात होती आणि माझे सासरे माईक हातात घेऊन उभे राहिले. मुलाचे वडील म्हणजे आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील, पाहुण्यांचे आभार मानतील आणि बसतील, असं माझ्या माहेरच्यांना वाटलं. आबांनी सुरुवात केली ती 'दंपती' या शब्दापासून. दंपती म्हणजे नवरा-बायको हा अर्थ मागाहूनचा, फार जुन्या काळी दम म्हणजे घर आणि दंपती म्हणजे घराचे धनी, असं सांगून ते म्हणाले, "आणि या दमाचा एक सख्खा भाऊ ग्रीस देशात राहतो. त्याचं नाव दोमा." मग त्या भावाची जी हकिकत सुरू झाली ती भात निवेपर्यंत चालली. माझे काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "प्रिया, अजून वेळ गेली नाय. गाडी बाहेरच उभी हाय."

मी काही गेले नाही. नवरा बरा दिसत होता आणि भूकही लागली होती. ही गोष्ट शहाण्णव सालची.

माझे सासरे धोंडू गमरे म्हणजे प्राथमिक शाळेतले गुरुजी. सगळी नोकरी पोलादपूर तालुक्यात झाली, तीही आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर ज्या वाड्या आहेत तिथल्या एकशिक्षकी शाळांमध्ये. पायात चपला, खांद्याला पिशवी, आणि पावसात डोक्यावर इरलं. निवृत्त झाले आणि महाडातल्या घरी कायमचे आले. घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका गल्लीत. सासूबाई काशीबाई, म्हणजे आई, त्या घराच्या खऱ्या हेडमास्तर. माझा नवरा सुशांत औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत पाळीवर. आणि मी प्रियदर्शिनी, माणगावची, नाकावर राग असलेली. हे शेवटचं आईंचं म्हणणं आहे, पण ते खोटं आहे असं काही मी म्हणत नाही.

आता पोलादपूरच्या गुरुजींच्या मागे ग्रीक कुठून लागलं, ते सांगायला हवं. आबांना शिकायची होती पाली. बुद्धाची वाणी मुळातून वाचायची, हे त्यांनी कधीपासून मनात धरलेलं. एकदा प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले असताना फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडे त्यांनी पालीचा कोश मागितला. रद्दीवाल्याने ढीग उपसून एक जाडजूड पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली, आत एका बाजूला बारीक इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. "ही पाली असेल काय?" आबांनी विचारलं. "नसायला काय झालं?" रद्दीवाला म्हणाला. पाली सिंहली लिपीतही लिहितात, हे आबांनी ऐकलं होतं. म्हणजे हीच ती, असं धरून ते पुस्तक पिशवीत घालून डोंगरावर गेले आणि कंदिलापाशी बसून अक्षरं गिरवायला लागले.

त्या अक्षरांत एके दिवशी त्यांना गणितातलं 'पाय'चं चिन्ह दिसलं, वर्तुळाचा परीघ काढायला सातवीच्या पुस्तकात असतं ते. तेव्हा संशय आला. पुढच्या मार्चमध्ये तळ्यावर आलेल्या एका भंतेजींना त्यांनी पुस्तक दाखवलं. भंतेजी पोट धरून हसले. "गुरुजी, ही पाली नव्हे, ही ग्रीक!" दुसरा कोणी असता तर पुस्तक बंबात घातलं असतं. आबा म्हणाले, "आता अक्षरं ओळखीची झालीत. ओळख झाल्यावर तोंड फिरवू नये."

ते पुस्तक शिवणीत मोडलेलं होतं आणि कुठूनही उघडलं तरी एकाच पानावर उघडायचं. त्या पानावर दोमा हा शब्द होता. सुरुवातीला त्याचा अर्थ घर, राजाचा मोठा दिवाणखाना, असा दिलेला. पुढे, बऱ्याच शतकांनी, घराचं छप्पर. आबा अडले ते इथं. घर म्हणजेच छप्पर कसं होईल? त्यांनी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या बाईंकडून खालची उदाहरणं लावून घेतली, तेव्हा कळलं की ती घरं सपाट माथ्याची. पाऊस बेताचा. बाहेरूनच जिना, म्हणजे आतल्या बायामाणसांना न उठवता कोणीही वर जावं. वर जवसाच्या काड्या वाळत घालायच्या, भर दुपारी एकट्याने प्रार्थनेला बसायचं, शत्रू येतो का बघायचं, पाहुणा आला तर त्याचं अंथरूण वर घालायचं आणि गावाला काही सांगायचं असलं तर कठड्याशी उभं राहून ओरडून सांगायचं. "म्हणजे बघ," आबा मला म्हणाले, "आपण छपराखाली राहतो, ते छपरावर राहायचे."

हे त्यांना इतकं नवलाचं वाटलं की ज्याला त्याला ते विचारत सुटले: "तुम्ही छपरावर काय करता?" महाड-पोलादपूरकडे हा प्रश्न म्हणजे वेडेपणाच. इथं पाऊस असा पडतो की कौलं उतरती नसतील तर घर वाहून जाईल. आबांच्या जुन्या वाडीतले भागोजी, गुरं राखणारे, दर बाजाराला आमच्याकडे टेकायचे. त्यांनाही आबांनी विचारलं. भागोजींनी तंबाखू मळता मळता बराच विचार केला आणि म्हणाले, "आमी काय नाय करत, गुरुजी. वर माकडं जातात. त्यांना इचारा."

मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण लांबून. मला जवळची अडचण वेगळीच होती. घरात खोल्या दोन आणि पडवी. सुशांतची रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन झोपायचा, आणि त्याला झोप लागावी म्हणून दिवसभर सगळं घर कुजबुजत असायचं. मी भांडी घासायची तीसुद्धा परसात नेऊन. रात्री आमची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या कडेला, मध्ये आईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पलीकडे आबा कूस वळले तर अलीकडे आम्हाला कळायचं. मला एक खोली हवी होती. दाराला आतून कडी असलेली. या मागणीत मला तेव्हाही काही चूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

आणि अशा घरात दर मार्चला माणसं यायची. वीस मार्चला तळ्यावर कुठून कुठून लोक येतात, ते महाडला सांगायला नको. आमच्याकडे दर वर्षी परभणीचा एक टेम्पो यायचा. आदल्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी 'जय भीम'चा गजर झाला की आई भाकऱ्यांचं पीठ मळायला घ्यायच्या. पडवीत माणसं, अंगणात माणसं, चुलीपाशी माणसं. आमच्या घरात 'जागा नाही' हे दोन शब्द कोणी उच्चारायचे नाहीत, असा दंडक होता. त्याला कारण होतं. सत्तावीस साली आबांचे वडील, ऐन विशीतले, पोलादपूरकडच्या गावातून तळ्यावर आले होते. पाणी प्यायल्यावर काठ्या चालल्या, तेव्हा पळापळीत एका मुसलमान घराने दार उघडून त्यांना आत घेतलं. विचारलं काहीच नाही, नावसुद्धा नाही. म्हातारे मरेपर्यंत सांगायचे, "त्या घरात पण जागा नव्हतीच. पण त्यानी तसं म्हटलं नाय."

माझ्या दुसऱ्या मार्चमध्ये परभणीच्या एक मावशी रात्रभर माजघराच्या दाराला पाठ लावून बसून राहिल्या, कारण पाय पसरायला जमीन शिल्लक नव्हती. सकाळी त्या हसून म्हणाल्या, "लई झ्याक झोप लागली, माय." आबांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली वाशांना वाळवी लागली आणि घर उतरवायची वेळ आली. गल्लीत सगळे स्लॅब टाकत होते, आमचाही टाकायचा ठरला. इथून भांडण सुरू झालं. सुशांतचं म्हणणं, स्लॅबवर एक खोली चढवू. माझं म्हणणं तेच, म्हणजे खरं तर त्याचं म्हणणं माझ्याकडूनच गेलेलं. आबांचं म्हणणं, वर काहीही बांधायचं नाही. मोकळा दोमा ठेवायचा, कमरेएवढा कठडा घालायचा, जिना बाहेरून. पाहुण्यांनी सरळ वर जावं आणि पाय पसरून झोपावं.

"पाहुणे दोन दिवस असतात, आबा," मी म्हटलं. "आम्ही वर्षभर असतो."

सुनेने असं तोंडावर बोलायचं म्हणजे गल्लीत चार दिवस पुरेल एवढी बातमी. आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुझं खरं हाय, गो." आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बाहेरच्या जिन्याची आखणी करून दिली. आबांचा स्वभाव असा होता. समोरच्याचं खरं मानायचे आणि आपलं सोडायचे नाहीत.

गवंडी पोलादपूरचाच, आबांच्या हाताखाली शिकलेला. स्लॅबला पाइपाकडे ढाळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी वाहून जातं, एवढं त्याला येत होतं. पण आबांच्या डोक्यात त्या ग्रीक घरांचं चित्र पक्कं बसलेलं. दोमा सपाट म्हणजे सपाट. त्यांनी ओळंबा, पाणपातळी सगळं स्वतः धरून दोमा असा करून घेतला की वर गोटी ठेवली तर ती जागची हलणार नाही. गवंडी दोनदा म्हणाला, "गुरुजी, पाऊस..." आबा म्हणाले, "होईल सगळं." ज्याने पाढे शिकवले त्याच्याशी वाद कोण घालणार?

पहिला मार्च मात्र झकास गेला. परभणीची माणसं बाहेरच्या जिन्याने थेट वर गेली. मावशींनी पाय पसरले आणि म्हणाल्या, "आता मराया हरकत नाही." आबा भाकऱ्यांच्या पाट्या स्वतः वर नेत होते आणि दर फेरीला दोमा शब्दाचा थोडा थोडा भाग सांगून येत होते. बिचारी माणसं हातात भाकरी असल्यामुळे ऐकून घेत होती.

मग जून आला. आमच्या दोम्याचं तळं झालं. पाणी वाहून जायला जागाच नव्हती, कारण गुरुजींनी सगळीकडे सारखा न्याय केलेला. शेजारचे सहदेवदादा खिडकीतून ओरडले, "गुरुजी, एवढं तळं शेजारी असताना दुसरं कशाला काढलंत?" आबा सकाळ-संध्याकाळ छत्री धरून वर जायचे आणि खराट्याने पाणी पाइपाकडे लोटायचे. पाणी परत यायचं. वर बेडूक झाले. खाली स्वयंपाकघरात तीन ठिकाणी ठिबकायला लागलं आणि आई पातेली मांडता मांडता ग्रीस देशाला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. आबांचा कोशही एके रात्री भिजला. सकाळी त्यांनी तो चुलीशी धरून पान पान वाळवला.

गल्लीतल्या बाकीच्या स्लॅबांवर एव्हाना पत्रे चढले होते. आमच्याकडे कोकणात प्रत्येक स्लॅबचं शेवटी हेच होतं. आधी हौसेने गच्ची करायची, मग एका पावसात हौस फिटते आणि वर पत्र्याची शेड चढते. शेडखाली जुने बाक, फुटकी पिंपं, लाकडं आणि मागच्या निवडणुकीतले झेंडे. सुशांत म्हणाला, "आबा, दिवाळीनंतर पत्रे. आणि पत्रे घालायचेच तर बाजूने भिंती उचलू, खोली होईल." आबांनी हातातला खराटा भिंतीला टेकवून ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून मला माझाच राग आला.

निकाल दिला आईंनी, तांदूळ निवडता निवडता. "पावसाचे महिने पत्रे चढवा. नट-बोल्टवर बसवा, वेल्डिंग नको. बाजूनं बांबूचे तट्टे लावा. आत ही दोघं राहतील. दसरा झाला की पत्रे खाली, दोमा मोकळा. मार्चला पाव्हणे येतील. मे संपला की परत वर. आता उठा, मला खाली सांडलेलं गोळा करू दे."

"दर वर्षी चढवायचे नि उतरवायचे?" सुशांत म्हणाला. "लोक हसतील, आई."

"हसू दे. रडण्यापेक्षा बरं."

भागोजींना हे फार पटलं. ते म्हणाले, "आमी गुरांच्या गोठ्यावर दर साल गवत चढवतो, दर साल उतरवतो. तुमचं लोखंडाचं, एवढाच फरक." आणि ते दर वर्षी दोनदा डोंगरावरून खाली यायला लागले, एकदा आमच्या घराला टोपी घालायला आणि एकदा काढायला. 'गमऱ्यांच्या घराची टोपी' हा गल्लीत वाक्प्रचारच झाला. आणि दोमा हा शब्दही. बायका एकमेकींना सांगायच्या, "पापड दोम्यावर घातलेत, कावळा बघ." मीटर वाचायला येणारा माणूससुद्धा एकदा म्हणाला, "वहिनी, मीटर दोम्यावर आहे का?" कोशात हा अर्थ लिहायचा राहिला होता, तो महाडने भरून काढला, असं म्हणून आबा दिवसभर खूश होते.

त्या पावसाळी खोलीत मी फार सुखाने राहिले, हे कबूल केलं पाहिजे. बाहेरून जिना, आतून कडी. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की आईंची हाक वर पोचायची नाही, आणि पोचली नाही असं सांगताही यायचं. सुशांत रात्रपाळी करून आला की त्या आवाजात मेल्यासारखा झोपायचा. संध्याकाळी तट्टा जरा सरकवला की सावित्री नदीचं गढूळ पाणी आणि पलीकडचे हिरवे डोंगर दिसायचे. मग दसरा यायचा. तो आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना व्हायची, गोडधोड व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि भागोजी बोल्ट खोलायचे पाने घेऊन माझी खोली उतरवायला जिन्यावर हजर. दर वर्षी त्या दिवशी मी कोणाशी बोलायची नाही. आईंनी भागोजींना सांगून ठेवलं होतं, "आज तिच्या वाटंला जाऊ नको. उद्यापर्यंत उतरंल."

दोन हजार दोन सालच्या दसऱ्याला मला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. माहेरी आई नव्हती, तेव्हा बाळंतपण महाडातच व्हायचं होतं. भागोजी पाने घेऊन आले. आबा जिन्याखाली उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "राहू दे या खेपेस." बस्स, एवढंच. पत्रे राहिले. फेब्रुवारीत मुलगी झाली. खाली सुशांतची झोप, वर बाळाचं रडणं, असं छान वाटून घेतलं होतं. ऊन तापायला लागलं तसं आबांनी पत्र्यांवर माडाची झापं आणून पसरली आणि तट्ट्यांवर पाणी मारायला लागले. नातीला ते ग्रीक मुळाक्षरं ऐकवायचे आणि ती त्यांना ओकारी काढून उत्तर द्यायची.

मार्चचं कोणी बोलत नव्हतं. मीही बोलले नाही. मला माहीत होतं, खाली आता खोल्या तेवढ्याच, अंगणाची जागा जिन्याने खाल्लेली. टेम्पो येणार हेही माहीत होतं. पण बाळाला पोटाशी घेऊन आडवं पडलं की माणूस पुढचा विचार करत नाही.

एकोणीस तारखेला दुपारी गल्लीच्या तोंडाशी गजर झाला. मी बाळाला पाजत होते. टेम्पो थांबल्याचा आवाज, माणसं उतरल्याचा आवाज, मावशींचा सगळ्यांच्या वर जाणारा आवाज. आणि मग आबांचा. पण तो आवाज आबांचा वाटेना. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज, आणि आता मला नीट ऐकूही येत नव्हता.

"काय म्हणता, गुरुजी?" कोणीतरी विचारलं.

आबांनी पुन्हा सांगितलं. या वेळी ऐकू आलं.

"या वर्षाला जागा नाय."

मी तट्टा बाजूला केला. आबा दारात उभे होते, हात खाली सोडून. सगळा जन्म हे दोन शब्द न बोलता काढलेला माणूस, त्याला ते बोलायचे कसे हेसुद्धा येत नव्हतं. कारण सांगावं, घरात बाळंतीण आहे म्हणावं, दुसरीकडे सोय लावून देतो म्हणावं, तेही सुचलं नव्हतं. नुसतेच उभे. मावशी घाईघाईने म्हणाल्या, "असू द्या, असू द्या, आम्ही तळ्यापाशी पडतो की," आणि गाठोडं परत टेम्पोत ठेवायला वळल्या. ते आबांनी माझ्यासाठी केलं होतं. मला न विचारता, मला न सांगता. मी मागितलेली खोली ते मला त्या दोन शब्दांच्या किमतीने देत होते. मला असा काही संताप आला की बाळ दचकून प्यायचं थांबलं.

मी उठले, पोरीला खांद्यावर टाकलं आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले. बाळंतिणीने उघड्यावर यायचं नसतं, डोक्याला बांधल्याशिवाय तर नाहीच नाही. तेव्हा मला त्याचं भान नव्हतं.

"मावशी!" मी ओरडले. "गाठोडं खाली ठेवा! वर या सगळे! जागा आहे!"

अख्खी गल्ली दारात आली. सहदेवदादा खिडकीत आले. आबांनी मान वर केली. "अगो, बाळ हाय..."

"बाळाला आभाळ चालतं, आबा! पत्रे काढा!"

मग मावशी हसल्या, आणि त्यांच्या मागून सगळा टेम्पो हसला. "लेकरू कुणाचं म्हणायचं मग हे," म्हणत त्या जिना चढून वर आल्या आणि पहिलं काम म्हणजे माझ्या डोक्याला स्वतःचा पदर फाडून पट्टा बांधला आणि मला चार शिव्या दिल्या. पुरुषमाणसं पाने मागायला लागली. ठोकाठोकीने सुशांत जागा झाला आणि लुंगी सावरत वर आला. "अरे बोल्ट मोडाल! इकडे द्या तो पाना!" झोपमोड झाल्याचं तो साफ विसरला. झापं खाली गेली, पत्रे हातोहात खाली गेले, तट्टे गुंडाळले गेले. भागोजी दोन दिवस लावायचे ते काम चहा उकळेपर्यंत झालं. माझा पलंग, बाळाची झोळी, दोरीवरचे लंगोट, सगळं जगाला उघडं पडलं. आई पीठ मळलेल्या हातांनी वर आल्या, सगळीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "भाकऱ्या वरच थापते. खाली एकटीनं काय करू?" आणि चूल पेटवायला तीन विटा मागवल्या.

ऊन उतरलं, वारा सुटला. मावशींनी पोरीला पायावर घेऊन तेल लावलं आणि ती पहिल्यांदाच अंघोळीआधी रडली नाही. माझ्या पलंगावर परभणीच्या सहा बायका बसल्या होत्या. कोणी माझे केस विंचरत होती, कोणी मला दूध वाढण्याची औषधं सांगत होती, एकीचं औषध दुसरीला पटत नव्हतं. मी इतके दिवस एकटेपणा मागत होते, आणि आता माझ्याभोवती हात ठेवायला जागा नव्हती. मला रडू येत होतं, चांगलं वाटून येत होतं, आणि मी ते लपवलं नाही.

आबा वर आले नव्हते. मी कठड्यावरून डोकावून बघितलं. ते बाहेरच्या जिन्याच्या तळाशी उभे होते, पत्र्यांच्या चळतीजवळ. भाकऱ्यांची पाटी नाही, पुस्तक नाही, हात मोकळे.

"आबा, या की वर," मी म्हटलं.

त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबले. चष्मा काढून पुसला. मग वर बघून, परगावाहून आलेला माणूस दारात उभा राहून विचारतो तसं त्यांनी विचारलं:

"जागा हाय का गो?"

"आहे, आबा," मी म्हटलं, आणि सरकून बसले.